पोळ्याची अर्धी झडती

आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी आखरावर, म्हणजे गावाबाहेर जिथं सकाळी ढोरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. तोरणाखाली बैलांच्या जोड्या रांगेनं उभ्या करतात आणि तोरण तुटायच्या आधी झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमक जुळवून हाणलेली चपराक. एकानं सरकारला, महागाईला, व्याह्याला, समोर उभ्या असलेल्या कोणालाही हाणायची, शेवटी ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणायचं, मग समोरच्या बाजूनं कोणीतरी जवाब द्यायचा. जवाब जास्त झोंबला तर लोक जास्त हसतात. ज्याला झोंबली त्यानंही हसायचं. त्या दिवशी रागवायचं नाही हा कायदा. तो कोणी लिहून ठेवला नव्हता म्हणून पाळला जात होता. लिहिलेले कायदे कसे पाळतात ते मी पाहतोच आहे.

मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीची शाळा शेजारच्या गावात होती आणि तिथल्या मास्तराचं तोंड मला आवडलं नाही. गरिबी वगैरे काही नव्हती, उगाच कोणी हळहळू नये. मला वाचता येतं, लिहिता येतं आणि झडती जोडता येते. मिसरूड फुटल्यापासून तोरणाच्या एका बाजूला मी उभा राहतो आणि दुसऱ्या बाजूला माझा दोस्त.

दोस्त गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. त्याच्या बापानं छप्पन साली धम्म घेतला, घरातले देव तलावात सोडले, पण पोळा सोडला नाही. ‘बैलाले ना जात ना धर्म, मंग त्याचा सण कायले बंद करू?’ असं तो म्हणे. जुन्या लोकांनी त्याची जोडी रांगेच्या पार शेवटी उभी करायला लावली होती. ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि ते चांगलं होतं असं मी कोणाच्या बापाला घाबरून म्हणणार नाही. पण त्या शेवटच्या जागेवरून तो अशा झडत्या मारायचा की पुढच्यांना माना वळवाव्या लागत. मग लोकच म्हणायला लागले, ‘याले समोर आना बे, मागून आयकू येत नाई.’ त्यांना लाज वाटली होती असं नाही. त्यांना ऐकायचं होतं. तरी माणूस समोर आला हे खरं. बापाच्या जागी पुढं माझा दोस्त उभा राहू लागला. तो महादेवाचं नाव घेत नाही. झडती संपली की हात वर करून ओरडतो, ‘बोला बैलाची जय!’ आणि सगळा आखर, महादेववाले धरून, ‘जय’ म्हणतो.

आता मागच्या पोळ्याचं सांगतो, कारण सगळी घाण तिथून सुरू झाली.

आमचा समाज तलाव बांधणारा. गावाचा तलाव आमच्या पूर्वजांनी बांधला हे आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो. दोस्ताला ते सांगितलं की तो नाकातून हवा सोडतो. हे आमचं भांडण फार जुनं, रोज संध्याकाळी तलावाच्या पाळीवर बोरीच्या झाडाखाली बसून चालणारं. तेच मी मागच्या साली तोरणाखाली काढलं:

पाळीवर झाड, झाडाले बोर,
माह्या आज्यानं तलाव बांधला, पानी पेते ढोर,
याचा आजा झाडाखाली घोरे, अस्सल कामचोर!

लोक हसले. दोस्तानं मिशीवरून हात फिरवला, बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि जवाब दिला:

तलावात पानी, पान्यात गाळ,
याचा आजा सावलीत बसे, मोजे जपमाळ,
माह्या आजीच्या डोईवरच्या मातीनं उभी रायली पाळ!

लोक जास्त हसले. म्हणजे तो जिंकला. मी पण हसलो, कारण जवाब चांगला होता आणि, आता लिहायला हरकत नाही, खराही होता. तलाव बांधला म्हणजे आज्यानं एकट्यानं टोपल्या वाहिल्या नव्हत्या. कोणाच्या तरी डोक्यावरून माती गेली असेलच ना. संध्याकाळी दोस्त माझ्या घरी पुरणपोळी खाऊन गेला. माझ्या बायकोनं त्याला विचारलं, ‘भाऊजी, यायच्या आज्यानं खरंच जपमाळ मोजली का?’ तो म्हणाला, ‘वयनी, जपमाळ तरी कुठं, यमक जुळत नव्हतं.’ एवढ्यावर ते संपायला हवं होतं. आजपर्यंत तसंच संपत आलं होतं.

पण तोरणाखाली आता माणसांपेक्षा मोबाईल जास्त असतात. सगळे हात वर करून उभे. सण पाहायला आले की शरण आले तेच कळत नाही. त्यातल्या कोणीतरी आमच्या झडत्या भरून घेतल्या आणि कापल्या. कोणी ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझी झडती तेवढी वेगळी कापली, ती दोस्ताच्या समाजाच्या ग्रुपवर गेली, खाली लिहिलं की पाहा, भर पोळ्यात आपल्या पूर्वजांना कामचोर म्हणून राहिले. दोस्ताची झडती वेगळी कापली, ती आमच्या समाजाच्या ग्रुपवर आली. खाली लिहिलं की आपल्या पूर्वजांचा अपमान, आता गप्प बसायचं का. अर्धं इकडं, अर्धं तिकडं. दोन्हीकडच्यांनी आपापला अर्धा तुकडा पाहून घेतला आणि पेटले. जे त्या दिवशी आखरावर उभे राहून पोट धरून हसले होते, तेही पेटले. हे मला सगळ्यात किळसवाणं वाटतं. बाहेरच्याचं सोडा, त्याला काय माहीत. पण तू तिथं होतास रे, तुझे दात मी मोजले असते इतका तू हसून राहिला होतास. तुझ्या कानावर तुझा भरोसा नाही आणि त्या काचेच्या तुकड्यावर आहे?

माझा पोरगा डांबरी रोडवर ऑनलाइनचं दुकान चालवतो. सातबारा काढून देतो, फारम भरून देतो आणि एका पार्टीचं काम करतो. कोणत्या पार्टीचं ते मी लिहीत नाही, कारण हे छापून येईपर्यंत बदललेली असेल. त्यानं मला ते दाखवलं.

‘बाबा, हे पाहा, लोकं काय लिहून राहिले.’

‘याच्या आधीचं कुठं हाय? माही कुठं हाय?’

‘एवढंच आलं.’

‘एवढंच कसं येईल? जवाब हाय तो. कायचा जवाब हाय ते नको का?’

‘बाबा, ग्रुपवर कोनी एवढं पाहात नाई.’

कोणी एवढं पाहत नाही. बरोबर. गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ रोज पाहतात. बिरसीच्या विमानतळावरून शिकाऊ पोरांची विमानं आमच्या धानावरून दिवसभर घिरट्या घालतात. त्या पोरांचं मला कौतुक आहे, ती निदान पूर्ण चक्कर मारून परत येतात. मोबाईलवाला अर्ध्यातूनच उडी मारतो. आता तर बांधीत धान उभं आहे हे सांगायलाही मोबाईल लागतो. शेतात जाऊन पिकाचा फोटो काढा, नाही तर सरकारच्या हिशेबी तुम्ही पेरलंच नाही. मी रोवणा केला, चिखलात रोपं लावली, माझ्या बायकोची कंबर गेली, सगळ्या गावानं पाहिलं, तरी धान नाही. आणि माझी अर्धी झडती मात्र खरी, कारण तिचा फोटो आहे.

इतिहासाचं तर विचारूच नका. आमच्या लहानपणी इतिहास शाळेत एक तास असायचा आणि त्या तासाला सगळे झोपायचे. तेव्हा गावात शांतता होती. आता ज्याला त्याला इतिहास झाला आहे. ग्रुपवर रोज एक राजा निघतो. आमच्या समाजाचा राजा, त्यांच्या समाजाचा राजा, पलीकडच्या टोल्याचा, म्हणजे वाडीचा, राजा, सगळे घोड्यावर, सगळ्यांच्या हातात तलवार, मागं सूर्य उगवून राहिला. गावात इतके राजे होते तर नांगर कोण धरत होता, असं मी एकदा पानठेल्यावर विचारलं तर एक जण म्हणाला, ‘बुढाजी, तुमाले काई समजत नाई, तुमी नका बोलू.’ माझ्या आज्याचा सन्मान वाचवायला निघालेला हा पोट्टा. माझ्या आज्याला मी पाहिलं आहे. तो बिड्या ओढायचा, आजीला घाबरायचा आणि तलावाच्या पाळीवर उंदरानं बीळ केलं की स्वतः उतरून बुजवायचा. ग्रुपवर त्याचा फेटा बांधलेला फोटो फिरून राहिला. आमच्या आज्याचा फोटो कधी काढलाच नव्हता. मग तो कोणाचा आजा आहे?

पुढं दोस्त पाळीवर यायचा बंद झाला.

आधी वाटलं बिमार असेल. मग कळलं की बाजाराला जातो, बांधीत जातो, पाळीवर तेवढा येत नाही. त्याच्या समाजाच्या लोकांनी बसून ठरवलं होतं की आपल्या आज्याला कामचोर म्हणणाऱ्याच्या तोंडी लागायचं नाही. आमच्यावाल्यांनीही तेच ठरवलं होतं, फक्त मला विचारलं नव्हतं. मी त्याच्या घरी गेलो असतो. पण मी कशाला जाऊ? तो मोठा लागून गेला का? मी माझ्या जागी बोरीखाली बसत होतो, तो आला नाही, तर चुकलं कोणाचं? बायको रोज म्हणे, ‘अजी, जाऊन येत काऊन नाई? पाय झिजतील का?’ मी म्हणे, ‘झिजतील.’ हिवाळा असाच गेला, उन्हाळा गेला, नवा पोळा तोंडावर आला.

पोळ्याच्या आधी ग्रामपंचायतीत शांतता सभा झाली. शांतता होती तेव्हा सभा होत नव्हती, हे लक्षात घ्या. पोलीस पाटील बोलला. तो काही वाईट माणूस नाही, पण ठाण्यातून फोन आला की त्याचा आवाज बारीक होतो. म्हणाला, ‘या साली कोनी कोनाच्या समाजावर, पार्टीवर, सरकारवर झडती म्हनाची नाई. म्हनाची त स्वच्छतेवर म्हना, झाडं लावा त्याच्यावर म्हना.’

मी म्हणालो, ‘मंग पोळा कायले? झाडूले हार घाला न ओवाळा.’

काही हसले. दोस्त मागं बसला होता, तो हसला नाही. त्याचा पोरगा बाजूला होता, शाळेत मास्तर आहे, तो बापाच्या बाहीला हात लावून होता, जसं बैलाला धरतात.

मग दुसरी बातमी आली. या साली तोरण पुढारीसाहेब कापणार. कापणार! तोरण बैल तोडतात. मानाची जोडी पुढं होते, शिंगानं तोरण तुटतं, मग सगळे बैल सुटतात, हा पोळा. आता पुढारीसाहेब कैचीनं कापणार, जसं कापडाच्या दुकानाचं उद्घाटन. हे साहेब मागच्या इलेक्शनला एका झेंड्याखाली आले होते, त्याच्या आधीच्याला दुसऱ्या. हात जोडायची पद्धत तेवढी तीच. आमच्या तलावाचं खोलीकरण करतो म्हणून त्यांनी दोन्ही झेंड्यांखाली सांगितलं होतं. तलाव अजून तसाच आहे, गाळानं भरलेला. इतिहासावर भांडणारा एकही गाळ काढायला उतरला नाही. पूर्वजांचा तलाव म्हणून डोकी फोडतील, पण त्यात मूर्तीसोबत प्लास्टिक सोडतील आणि त्याचाच व्हिडिओ काढतील.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पोरगा एक छापील कागद घेऊन आला.

‘बाबा, तुमच्यासाठी झडती आनली.’

‘कोनाची?’

‘मोबाईललेच सांगतलं, पोळ्यावर झडती लिहून दे. लिहून देल्ली. पाहा, एका मिनिटात.’

मी वाचली. ‘हे बळीराजा, तुझ्या घामाच्या थेंबांनी सजली ही काळी आई’ अशी सुरुवात होती. पुढं हिरवा शालू, सोनेरी पहाट, सर्जा-राजाची साथ असं काय काय. मी पोराला विचारलं, ‘रोवण्याच्या चिखलात कधी उतरला होतास का?’

‘लहानपनी.’

‘तवा घामाचे थेंब आले होते का धार लागली होती?’

‘बाबा, ते कविता हाय.’

‘आन आपली जमीन काळी कुठं हाय? पिवळी मोरांड हाय. माय बदलून टाकली का तुह्या मोबाईलनं?’ यात एकही शिवी नव्हती, एकही माणूस नव्हता, कोणाला झोंबेल असं एक अक्षर नव्हतं. असं तोंड पुसलेलं काही मी आयुष्यात वाचलं नव्हतं. मी तो कागद बायकोला दिला, तिनं त्यावर बैलांच्या खांद्याला लावायची हळद कालवली.

पोरगा दारात उभा राहिला. ‘बाबा, तुमाले साहेबांच्या हातानं शाल देऊन राहिले. जुने झडतीवाले म्हनून. तुमी साहेबांच्या मागं उभे राहा. साहेबांचं भाषन झालं का मग तुमाले माइक देतो. पन त्याच्यावर काई बोलू नका.’ ‘त्याच्यावर’ म्हणजे दोस्तावर. मी उभा राहतो म्हणालो. मला माइक पाहिजे होता. आखरावर आता डीजे लागतो, त्याच्या पुढं माणसाचा आवाज उरत नाही.

पोळ्याच्या सकाळी मी बैल धुवायला तलावावर गेलो. आता गावात बैल बोटावर मोजण्याइतके, बाकी सगळे ट्रॅक्टर. दोस्त पाण्यात उभा होता, गुडघ्याइतक्या पाण्यात, बैलाच्या अंगावर पाणी मारत. मी माझी जोडी त्याच्या बाजूलाच उतरवली. तलाव काही कोणाच्या एकट्याचा नाही. दोघांनी आपापले बैल घासायला घेतले.

मग मी म्हणालो, ‘आज म्हनतो.’

‘म्हन. तुले कोन रोकते?’

‘तुह्यावरच म्हनतो.’

‘म्हन ना बे. माह्यावर नाई त काय झाडूवर म्हनशीन?’

‘जवाब दे.’

तो बैलाच्या शेपटीत अडकलेलं गवत काढत होता. म्हणाला, ‘पोरानं माह्याकडून सांगून घेतलं हाय का तोंड उघडाचं नाई. मी कबूल झालो.’

‘कायले झालास?’

‘तू तुह्या घरात बसून विचारून राहिला गा. तुह्याकडं कोनी तुले काई करत नाई. माह्या पोट्ट्याले शाळेत जाऊन विचारते लोकं, तुह्या बापानं काय म्हनलं म्हनून. त्याले नोकरी हाय.’

हे मला माहीत नव्हतं. पण मी मागं हटणारा नाही. मी म्हणालो, ‘जवाब नाई आला त माही झडती शिवी होऊन जाईल.’

‘होईल.’

‘मंग?’

‘मंग तू नको म्हनू.’

‘मी त म्हनतो.’

‘मंग होऊ दे शिवी,’ असं म्हणून त्यानं बैल काढला आणि गेला. जाताना माझ्या बैलाच्या पाठीवर मात्र त्यानं एक ओंजळ पाणी मारलं. धुवायची राहिलेली जागा होती, तिथंच.

खरं सांगायचं तर मला एवढंच कळलं होतं, पाण्यात उभं असताना. जवाब असला तर तो खेळ, नसला तर ती शिवीगाळ. मी आजपर्यंत त्या माणसाला, त्याच्या आज्याला, त्याच्या बैलाला जे जे म्हणालो ते सगळं त्याच्या जवाबावर उभं होतं. त्यानं तोंड बंद केलं तर ग्रुपवाल्यांचं म्हणणं खरं ठरत होतं की मी खरंच त्याच्या पूर्वजांना भर गावात शिव्या देत आलो. आणि मी न म्हणता राहिलो तर पोलीस पाटलाच्या झाडूची जय. दोन्हीकडून थोबाडीत.

दुपारनंतर आखरावर गेलो. काय पाहावं? बैलांच्या रांगेत ट्रॅक्टर. फुगे लावलेले, बोनेटवर गुलाल, एकाच्या सायलेंसरला झेंडूचा हार. तोरणाच्या खांबाला साहेबाचा बॅनर, त्यावर साहेब आणि आणखी कितीतरी हात जोडलेले, बैल एका कोपऱ्यात, टिकलीएवढा. डीजेवाला गोंदियाचा पोरगा, मला म्हणाला, ‘दादाजी, साइड में हो जाओ, बेस लगेगा.’ बेस लागला. छातीत लागला, बैलांच्या पोटात लागला. माझा डावा बैल थरथरत होता.

साहेब उशिरा आले. मला त्यांच्या मागं उभं केलं. शाल दिली, फोटो काढला. मग साहेब बोलायला लागले, शेतकरी आमचा राजा, इथंही राजा, आणि मी मागं उभा. एका पायावरून दुसऱ्या पायावर. कंबर धरली होती. समोर, तोरणाच्या पलीकडे, दोस्त आपल्या जोडीचा कासरा धरून उभा होता आणि माझ्याकडे पाहत होता. त्याचा पोरगा त्याच्या बाजूला.

भाषण संपलं. माइक माझ्या हातात आला तसा मी पुढं झालो आणि दोस्ताकडे बोट केलं:

मोबाईलात झडती, झडतीचे तुकडे दोन,
अर्धा घेऊन भांडून राहिले, पुरा आयकते कोन?
अन् हा घरात लपून बसला, जशी बिळातली घोन!
हर बोला हर हर महादेव!

कोणी हर बोला म्हणालं नाही. घोण म्हणजे तो शंभर पायांचा किडा, सगळ्यांना माहीत, इतर साली यावर आखर उलटा झाला असता. आता सगळे दोस्ताकडे पाहून राहिले, मोबाईल वर करून. माझ्या पोरानं डोकं धरलं. पोलीस पाटील माझ्या दिशेनं चालू लागला.

मी दोस्ताकडेच पाहत होतो. त्यानं मिशीवरून हात फिरवला. मला वाटतं तेव्हा माझा जीव परत आला. त्यानं बैलाच्या पाठीवर थाप मारली, पोराचा हात बाजूला केला, तोंड उघडलं, आणि त्याच वेळी कोणीतरी डीजेवाल्याला इशारा केला. धडाड. सगळा आखर हलला. साहेबानं कैची चालवली, तोरण खाली पडलं, फटाके लागले, बैल बिथरून चौफेर पळाले, ट्रॅक्टर चालू झाले. त्या धुरातून मला दोस्ताचं तोंड दिसत होतं. ते चालू होतं. तो बोलत होता, पूर्ण तीन ओळी बोलला, शेवटी हात वर केला. बैलाची जय. त्याच्या आसपासच्या दोन-चार जणांनी हात वर केला. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

संध्याकाळी मी पोराला म्हणालो, ‘काढ तुहे व्हिडिओ. सगळे काढ.’ त्यानं काढले. एवढे मोबाईल वर होते, कितीतरी व्हिडिओ निघाले. सगळ्यांत साहेब, कैची, फटाके. एकात दोस्त दिसतो, तोंड उघडलेला, पण आवाज डीजेचा. दुसऱ्यात त्याचा हात. तिसऱ्यात माझी झडती पूर्ण, लख्ख, आणि जवाबाच्या जागी गाणं. सगळ्या जगाला भरून ठेवणारं ते यंत्र, त्याच्यात माझ्या दोस्ताच्या तीन ओळी मावल्या नाहीत. थू! मी अंगणात जाऊन थुंकलो. बायको म्हणाली, ‘अजी, शाल तरी काढा, थुंका उडाला त्याच्यावर.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत. गावातली पोरं पळसाच्या डहाळ्या घेऊन ओरडत शिवेकडे निघतात, खोकला घेऊन जा गे मारबत, ताप घेऊन जा गे मारबत. मी त्यांच्या मागं थोडा चाललो आणि ओरडलो, ‘मोबाईल घेऊन जा गे मारबत!’ पोरं फिदीफिदी हसली. दोघांनी मोबाईल काढून माझा व्हिडिओ घेतला.

मी तसाच दोस्ताच्या घरी गेलो. पाय झिजले नाहीत. तो ओसरीवर चहा पीत होता. मी उभ्या उभ्याच विचारलं, ‘काल काय म्हनलास?’

‘तू आयकलं नाई का?’

‘कोनी आयकलं? सांग आता.’

त्यानं कप खाली ठेवला. ‘झडती तोरनाखाली म्हनतात. ओसरीत म्हनते का कोनी?’

‘मंग चाल.’

आतून त्याचा पोरगा बाहेर आला. ‘बाबा, कुठं?’ ‘आखरावर,’ दोस्त म्हणाला. ‘येतो का? येत असशीन त ये, तो घरी ठेव.’ मास्तरानं हातातल्या मोबाईलकडे पाहिलं आणि दारातच थांबला. आला नाही, पण अडवलंही नाही.

आखरावर कोणी नव्हतं. पाण्याच्या बाटल्या, फुटलेले फुगे, शेणात मिसळलेला गुलाल. कापलेलं तोरण एका खांबापाशी तुडवलेलं पडलं होतं. दोस्तानं त्यातली एक लांब फांदी उचलली आणि दोन खांबांच्या मध्ये दोरीच्या उरलेल्या तुकड्याला अडकवली. लोंबली कशीबशी. तो आपल्या बाजूला उभा राहिला, मी माझ्या.

‘पयले तू,’ तो म्हणाला. ‘पुरी.’

मी घोणीची पूर्ण म्हटली. महादेवापर्यंत. मग त्यानं मिशीवरून हात फिरवला, थाप मारायला बैल नव्हता म्हणून खांबावर मारली:

घोन त घोन, पाय मले शंभर,
याले पाय दोनच, उभा धरून कंबर,
पुढाऱ्याच्या मागं लागला, लावून आपला नंबर!
बोला बैलाची जय!

मी जय म्हणालो. म्हणावंच लागतं. झोंबली होती, कानापर्यंत. माइकसाठी उभा होतो, शालीसाठी नाही, हे मला त्याला सांगायचं होतं, पण झडतीला जवाब झडतीनंच द्यायचा असतो आणि मला एकही यमक सुचेना. तो हसून राहिला होता, कालपासून थांबवलेलं हसू.

‘संध्याकाळी पाळीवर बसशीन का?’ मी विचारलं.

‘गाळाचा वास येते तिथं,’ तो म्हणाला. ‘येतो.’

मी घराकडे निघालो. मागून त्याचं हसणं ऐकू येत होतं तेव्हा मला कळलं की माझा हात कंबरेवरच आहे. मी तो काढला आणि सरळ चालत घरी आलो.